फॉर्म क्लासला स्वतःचे आर्ग्युमेंट कसे द्यावे, आणि नेमके काय द्यावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कामांची नोंद ठेवणाऱ्या जँगो (पायथनमधील वेब फ्रेमवर्क) ॲप्लिकेशनमध्ये तुम्ही एक मॉडेलफॉर्म, म्हणजे डेटाबेसच्या मॉडेलवरून बनणारा फॉर्म, लिहिला आहे. त्यातील ‘प्रोजेक्ट’ या ड्रॉपडाउनमध्ये लॉगिन केलेल्या यूझरचेच प्रोजेक्ट दिसावेत, म्हणून तुम्ही व्ह्यूमधून (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमधून) फॉर्मला यूझर द्यायला गेलात आणि ‘अनपेक्षित कीवर्ड आर्ग्युमेंट’ या अर्थाची टाइपएरर आली. ती घालवण्यासाठी तुम्ही फॉर्ममध्ये स्वतःची __इनिट__ मेथड लिहिली, सेल्फच्या लगेच पुढे यूझर हे पॅरामीटर ठेवले आणि आतून सुपरची __इनिट__ रिकाम्या कंसांनी बोलावली. आता पान उघडते, ड्रॉपडाउनही हवे तसे दिसते. पण सबमिट केल्यावर नोंद सेव्ह होत नाही आणि एररही दिसत नाही. शिवाय क्लास-बेस्ड व्ह्यू, फॉर्मसेट (एकाच फॉर्मच्या अनेक ओळी) आणि ॲडमिन (जँगोची तयार व्यवस्थापन पाने) या ठिकाणी फॉर्म तुम्ही स्वतः तयार करत नाही, मग तिथे यूझर कोठून द्यायचा, हेही तुम्ही विचारले आहे.

हे सारे प्रश्न एकाच मुळाशी जातात. फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्ये दोन मालकांची आर्ग्युमेंट्स एकाच वाटेने येतात: काही फ्रेमवर्कची, काही तुमची. फ्रेमवर्कची आर्ग्युमेंट्स जशीच्या तशी पालक क्लासपर्यंत पोहोचली पाहिजेत आणि तुमचे आर्ग्युमेंट तिथवर मुळीच जाता कामा नये. पहिल्या प्रयत्नात तुमचे आर्ग्युमेंट वर गेले, म्हणून एरर आली. दुसऱ्या प्रयत्नात फ्रेमवर्कचे आर्ग्युमेंट वर गेलेच नाही, म्हणून फॉर्म मुका झाला.

आधी फॉर्म तयार होताना काय घडते ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. फॉर्म क्लासमध्ये तुम्ही जी फील्ड्स लिहिता, तो कोड मॉड्यूल इम्पोर्ट होताना एकदाच चालतो आणि जँगो ती फील्ड्स क्लासवर बेस_फील्ड्स या नावाने साठवून ठेवते. त्या क्षणी ना रिक्वेस्ट असते, ना यूझर. त्यामुळे ‘क्लासमध्येच फिल्टर लिहिता येणार नाही का’ या शंकेचे उत्तर नाही असेच आहे. पुढे प्रत्येक वेळी फॉर्मचे ऑब्जेक्ट तयार होते, तेव्हा पालक क्लासची __इनिट__ बेस_फील्ड्सची खोलवर प्रत काढते आणि ती सेल्फ.फील्ड्समध्ये ठेवते. यूझरनुसार जे काही बदलायचे ते या प्रतीवर बदलायचे. काही जण व्ह्यूमध्ये थेट क्लासच्या बेस_फील्ड्समधील क्वेरीसेट (डेटाबेसमधून कोणत्या नोंदी आणायच्या हे सांगणारे ऑब्जेक्ट) बदलतात. आपल्या मशीनवर एकटेच काम करत असताना ते बरोबर चालल्यासारखे वाटते; पण सर्व्हरवर तो क्लास त्या प्रोसेसमधल्या सगळ्या रिक्वेस्टसाठी सामाईक असतो आणि एकाचे प्रोजेक्ट दुसऱ्याच्या ड्रॉपडाउनमध्ये दिसू शकतात. असा कोड कोणाच्या प्रोजेक्टमध्ये दिसला, तर मी इतर सगळे बाजूला ठेवून आधी तो काढायला सांगतो.

पालक क्लासची __इनिट__ ओळखीची नावेच स्वीकारते: डेटा, फाइल्स, ऑटो_आयडी, प्रीफिक्स, इनिशियल, लेबल_सफिक्स, एम्प्टी_परमिटेड आणि अशीच आणखी काही, मॉडेलफॉर्म असेल तर इन्स्टन्स. या यादीत यूझर नाही, म्हणून पायथन ते नाकारतो. हा नकार त्रासदायक वाटला तरी तो उपकारकच आहे. तुलनेसाठी डब्ल्यूटीफॉर्म्स ही लायब्ररी पाहा. तिथे फॉर्मला दिलेले कोणतेही जादा कीवर्ड आर्ग्युमेंट त्या नावाच्या फील्डचे सुरुवातीचे मूल्य मानले जाते आणि त्या नावाचे फील्डच नसेल तर कोणतीही एरर न येता ते बाजूला पडते. तिथे यूझर पाठवणाऱ्याला आपले आर्ग्युमेंट कुठे गेले हे कळायलाही वेळ लागतो. त्यामुळे त्या लायब्ररीत यूझरनुसार बदलणारे पर्याय असतील, तर फॉर्मचे ऑब्जेक्ट तयार झाल्यावर त्या फील्डच्या चॉइसेस भरण्याची पद्धत आहे. पीएचपीतील सिम्फनी याच्या अगदी उलट टोकाला आहे: फॉर्मच्या टाइपने कॉन्फिगरऑप्शन्स या मेथडमध्ये आपले ऑप्शन आधी जाहीर करावे लागतात, जाहीर न केलेला ऑप्शन दिला तर एक्सेप्शन येते, आणि अमुक ऑप्शन सक्तीचा आहे व तो अमुक प्रकारचाच असला पाहिजे हेही तिथेच सांगता येते. जँगोमध्ये अशी वेगळी जागा नाही, म्हणून ती शिस्त आपल्या __इनिट__मध्ये आपणच आणायची.

आता दुरुस्ती. पायथन ३ मध्ये मी ती अशी लिहितो: __इनिट__(सेल्फ, *आर्ग्ज, यूझर, **क्वार्ग्ज). *आर्ग्जमध्ये जागेच्या क्रमाने आलेली आणि **क्वार्ग्जमध्ये नावाने आलेली बाकीची आर्ग्युमेंट्स जमा होतात. तारांकित आर्ग्जच्या नंतर आलेले पॅरामीटर फक्त नावानेच देता येते, असा पायथनचा नियम आहे. या एका ओळीत तीन कामे होतात. यूझर जागेच्या क्रमाने चुकून भरला जाऊ शकत नाही, तो न दिल्यास फॉर्म तयारच होत नाही, आणि क्वार्ग्जमध्ये तो शिल्लकही राहत नाही. त्यानंतर आतील पहिली ओळ सुपर().__इनिट__(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज), मग सेल्फ.यूझर = यूझर; आणि शेवटी सेल्फ.फील्ड्स[‘प्रोजेक्ट’].क्वेरीसेट = प्रोजेक्ट.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(ओनर=यूझर). फील्ड्सना हात लावणारी ओळ सुपरच्या आधी आली तर सेल्फ.फील्ड्स अजून जन्मालाच आलेले नसते आणि ॲट्रिब्यूटएरर येते.

जुन्या कोडमध्ये आणि बऱ्याच उत्तरांमध्ये तुम्हाला हीच गोष्ट क्वार्ग्ज.पॉप(‘यूझर’) अशी दिसेल. ती पद्धतही बरोबर आहे. पायथन २ मध्ये नावानेच घ्यायच्या पॅरामीटरची सोय नव्हती, त्यामुळे तो प्रघात पडला आणि टिकला. फक्त दोन बाबी सांभाळा. पॉपच्या जागी गेट वापरले तर किल्ली क्वार्ग्जमध्येच राहते, ती पालकाकडे जाते आणि पुन्हा तीच टाइपएरर येते. आणि पॉप सुपरच्या आधी झाले पाहिजे, नंतर नव्हे.

तुमचा मुका फॉर्म मुका का होता, हे आता उलगडेल. तुम्ही रिक्वेस्ट.पोस्ट व्ह्यूमधून दिला होता, तो तुमच्या __इनिट__पर्यंत आलाही होता. पण सुपरला रिकाम्या कंसांनी बोलावल्यामुळे तो तिथेच अडला. जँगोच्या दृष्टीने फॉर्मला डेटाही मिळाला नाही आणि फाइल्सही नाहीत, म्हणजे तो फॉर्म अनबाउंड, अजून कोणी न भरलेला. इज_व्हॅलिड ही मेथड आधी फॉर्म बाउंड आहे का हे पाहते आणि मग एरर नाहीत ना हे पाहते. फॉर्म अनबाउंड असेल तर ती खोटे हे उत्तर देते आणि व्हॅलिडेशन झालेच नसल्यामुळे एररची यादी रिकामी राहते. असा प्रसंग आला की मी पहिल्यांदा फॉर्म.इज_बाउंड छापून पाहतो. ते खोटे आले, तर डेटा वाटेत हरवला आहे आणि __इनिट__ तपासायची. ते खरे आले आणि तरीही पानावर एरर दिसत नसेल, तर फॉर्म.एरर्स छापून पाहावे. त्या वेळी दोष बहुधा टेम्पलेटचा असतो, म्हणजे एखाद्या न दाखवलेल्या फील्डची एरर किंवा संपूर्ण फॉर्मची एरर टेम्पलेटने छापलेलीच नसते.

पॅरामीटर जागेच्या क्रमाने पहिले ठेवू नये असे मी म्हणतो, त्याचेही कारण हेच आहे. जँगो वापरणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला फॉर्म(रिक्वेस्ट.पोस्ट) असे लिहिण्याची सवय असते. यूझर पहिला असेल तर पोस्टचा डेटा यूझरच्या जागी जाऊन बसतो आणि डेटाची जागा रिकामी राहते. तुमच्यासारखे लगेच फिल्टर करणारे __इनिट__ असेल तर निदान काहीतरी विचित्र एरर तरी येते. पण यूझर नुसता साठवून ठेवणारा आणि पुढे क्लीनमध्ये (फॉर्मच्या तपासणीच्या मेथडमध्ये) वापरणारा फॉर्म असेल, तर काहीच आवाज होत नाही. गंमत अशी की खुद्द जँगोच्या लॉगिनच्या ऑथेंटिकेशनफॉर्ममध्ये रिक्वेस्ट हे पहिले पॅरामीटर आहे, तेही नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) या डिफॉल्टसह, आणि पासवर्ड बदलण्याच्या फॉर्ममध्ये यूझर पहिला आहे. त्यामुळे ऑथेंटिकेशनफॉर्म(रिक्वेस्ट.पोस्ट) असे लिहून लॉगिन का होत नाही हे शोधत बसणारे लोक कायम भेटतात; तिथे डेटा=रिक्वेस्ट.पोस्ट असे नाव घेऊनच द्यावे लागते. फ्रेमवर्कने केले म्हणून ते अनुकरण करण्यासारखे आहे असे मला वाटत नाही.

आता डिफॉल्टचा मुद्दा. यूझर=नन असे लिहून आत ‘यूझर असेल तरच फिल्टर करा’ असे लिहिण्याचा मोह होतो, कारण मग फॉर्म कुठूनही तयार करता येतो. पण मॉडेलफॉर्मने फॉरेन कीवरून (दुसऱ्या टेबलमधील नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या फील्डवरून) आपोआप बनवलेल्या फील्डमध्ये मुळात सगळेच प्रोजेक्ट असतात. म्हणजे एखाद्या व्ह्यूमध्ये यूझर द्यायचा राहून गेला, तर एरर येण्याऐवजी सगळ्या यूझरांचे सगळे प्रोजेक्ट उघडे पडतात, आणि हे कोणी तक्रार करेपर्यंत लक्षात येत नाही. जे आर्ग्युमेंट कोणाला काय दिसावे हे ठरवते ते सक्तीचेच असावे. जे फक्त सोयीचे आहे, उदाहरणार्थ लेबल लहान दाखवायचे की मोठे, त्याला डिफॉल्ट देण्यात काहीच गैर नाही. काही कारणाने यूझर वैकल्पिक ठेवावाच लागत असेल, तर प्रोजेक्ट हे फील्ड स्वतः मॉडेलचॉइसफील्ड म्हणून जाहीर करून त्याचा क्वेरीसेट क्लासमध्ये ऑब्जेक्ट्स.नन() ठेवावा. मग विसर पडला तरी ड्रॉपडाउन रिकामे दिसेल, भरलेले नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती अनेकांना माहीत नसते. क्वेरीसेट मर्यादित केल्याने फक्त ड्रॉपडाउनची यादी लहान होते असे नाही. मॉडेलचॉइसफील्ड आलेले मूल्य तपासताना त्याच क्वेरीसेटमध्ये शोधते, त्यामुळे कोणी ब्राउझरमध्ये फेरफार करून दुसऱ्याच्या प्रोजेक्टचा क्रमांक पाठवला तरी तो योग्य पर्याय नाही अशी एरर येते. हेच काम टेम्पलेटमध्ये किंवा जावास्क्रिप्टने पर्याय लपवून केले, तर दिसायला तसेच दिसेल, पण अडवणार काहीच नाही. यूझरचा आयडी लपवलेल्या फील्डमध्ये ठेवून परत घेण्याची पद्धतही याच कारणासाठी टाळावी. लपवलेले फील्ड वाचणाऱ्यापासून लपते, बदलणाऱ्यापासून नाही.

नेमके काय पाठवावे, यावर मतभेद आहेत आणि उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. पूर्ण रिक्वेस्ट, फक्त यूझर, किंवा आधीच फिल्टर केलेला क्वेरीसेट, असे पर्याय समोर असतात. माझा कल नेहमी सर्वांत अरुंद गोष्टीकडे असतो. रिक्वेस्ट दिली की फॉर्ममध्ये हळूहळू सेशन, हेडर, मेसेज अशा सगळ्या गोष्टी वापरल्या जाऊ लागतात, आणि मग तोच फॉर्म आयात केलेल्या फाइलमधील ओळी तपासण्यासाठी, मॅनेजमेंट कमांडमध्ये किंवा टेस्टमध्ये वापरायचा झाला की खोटी रिक्वेस्ट उभी करावी लागते. यूझर दिला तर टेस्टमध्ये एक यूझर तयार केला की काम भागते. क्वेरीसेट दिला तर फॉर्मला यूझर म्हणजे काय हेही कळण्याची गरज उरत नाही, आणि तोच फॉर्म व्यवस्थापकाला सगळे प्रोजेक्ट दाखवण्यासाठीही वापरता येतो. पण मग योग्य फिल्टर लावण्याची जबाबदारी प्रत्येक व्ह्यूवर पडते आणि ती एका जागी राहत नाही. तुमच्या बाबतीत ‘यूझरला त्याचेच प्रोजेक्ट’ हा नियम सर्वत्र एकच आहे, म्हणून मी यूझर पाठवीन. उद्या भूमिकेनुसार नियम बदलू लागले, तर तो निर्णय मॉडेलच्या मॅनेजरमध्ये एखाद्या मेथडला द्यावा आणि फॉर्मने ती मेथड बोलवावी. नाव निवडताना डेटा, इनिशियल, प्रीफिक्स, इन्स्टन्स ही फ्रेमवर्कची नावे स्वतःच्या कामासाठी घेऊ नका, आणि साठवतानाही सेल्फ.डेटा किंवा सेल्फ.एरर्ससारख्या नावांवर पाय ठेवू नका.

काही वेळा असे आर्ग्युमेंट लागतच नाही, आणि हे तपासून पाहणे मी आवश्यक मानतो. समजा यूझर फक्त नव्या नोंदीचा मालक म्हणून भरायचा आहे. त्यासाठी फॉर्मला यूझर द्यायचे कारण नाही: इन्स्टन्स=टास्क(ओनर=रिक्वेस्ट.यूझर) असे न साठवलेले ऑब्जेक्ट मॉडेलफॉर्मला द्या, किंवा सेव्ह(कमिट=फॉल्स) करून ओनर भरा आणि मग साठवा. दुसऱ्या पद्धतीत फॉर्ममध्ये अनेक-ते-अनेक नाते असलेले फील्ड असेल, तर नंतर सेव्ह_एमटूएम बोलवायचे राहू देऊ नका. ते राहिले की टॅगसारखी फील्ड्स मुकाट्याने गळून पडतात. फील्डमध्ये आधीच एखादे मूल्य दिसावे एवढेच हवे असेल, तर त्यासाठी इनिशियल आहे. ते मूल्य दिसावे पण बदलता येऊ नये असे असेल, तर फील्डला डिसेबल्ड करता येते. ही सोय जँगो १.९ पासून आहे, आणि तिच्यात ब्राउझरकडून आलेले मूल्य दुर्लक्षित करून सुरुवातीचेच मूल्य धरले जाते.

मात्र एका ठिकाणी इन्स्टन्सची युक्ती पुरी पडत नाही. समजा एका मालकाची एकाच नावाची दोन कामे असू नयेत, अशी ओनर व शीर्षक या जोडीवर अट आहे. मॉडेलफॉर्म मॉडेलचे व्हॅलिडेशन करताना फॉर्ममध्ये नसलेली फील्ड्स वगळतो, आणि वगळलेले फील्ड ज्या युनिक अटीत येते ती अटच तपासत नाही. ओनर इन्स्टन्सवर भरलेला असला तरी तो फॉर्ममध्ये नाही, म्हणून तपासणी टळते आणि सेव्ह करताना डेटाबेसकडून इंटिग्रिटीएरर येते. यूझरच्या हाती सर्व्हर एररचे पान पडते. इथे फॉर्मच्या क्लीन मेथडमध्ये सेल्फ.यूझर वापरून ही तपासणी स्वतः लिहिणे हा सरळ मार्ग आहे, फक्त नोंद संपादित होत असेल तेव्हा तीच नोंद शोधातून वगळायला हवी. एकाच वेळी आलेल्या दोन रिक्वेस्ट या तपासणीतून सुटू शकतात, म्हणून डेटाबेसमधली अट काढू नये. तुमच्या फॉर्ममध्ये असा नियम असेल, तर यूझर हे आर्ग्युमेंट तिथे खरोखरच आपली जागा कमावते.

यानंतर प्रश्न राहतो तो म्हणजे फॉर्मचे ऑब्जेक्ट कोण तयार करतो. फंक्शन असलेल्या व्ह्यूमध्ये ते तुम्हीच करता, आणि तिथे गेट व पोस्ट या दोन्ही फांद्यांत यूझर द्यायचा असतो. सक्तीचे पॅरामीटर असल्यामुळे एका फांदीत राहिला तर लगेच कळेल. क्रिएटव्ह्यू, अपडेटव्ह्यू किंवा फॉर्मव्ह्यू यांच्यात ऑब्जेक्ट व्ह्यू तयार करतो आणि त्याला लागणारी आर्ग्युमेंट्स गेट_फॉर्म_क्वार्ग्ज या मेथडमधून घेतो. ती मेथड तुमच्या व्ह्यूमध्ये लिहा, आधी सुपरकडून डिक्शनरी घ्या, तिच्यात यूझर भरा आणि ती परत द्या. सुपरला न विचारता स्वतःचीच नवी डिक्शनरी परत दिली, तर डेटा, फाइल्स आणि इन्स्टन्स गळतील आणि फॉर्म पुन्हा मुका होईल. दोष तोच, फक्त जागा बदललेली. अनेक टप्प्यांचा फॉर्म फॉर्मटूल्सच्या विझार्डने केला असेल, तर तिथेही याच नावाची मेथड आहे, पण तिला टप्पा हे आर्ग्युमेंट मिळते. त्यामुळे ज्या टप्प्याच्या फॉर्मला यूझर लागतो त्यालाच तो द्या. बाकीचे फॉर्म तो नाकारतील.

फॉर्मसेटमध्ये थोडे थांबायला हवे. जँगो १.९ च्या आधी इथे फॉर्म क्लासला पार्शल किंवा करीने (आर्ग्युमेंट आधीच भरून ठेवणाऱ्या फंक्शनने) गुंडाळून काम भागवावे लागे आणि त्या काळातील उत्तरे अजूनही शोधल्यावर पुढे येतात. आज त्यांची गरज नाही. फॉर्मसेटचे ऑब्जेक्ट तयार करताना फॉर्म_क्वार्ग्ज या नावाने डिक्शनरी द्यायची, ती आतील प्रत्येक फॉर्मला मिळते. प्रत्येक फॉर्मला वेगळे मूल्य हवे असेल, तर फॉर्मसेटच्या बेस क्लासमधील गेट_फॉर्म_क्वार्ग्ज ओव्हरराइड करावी. तिला फॉर्मचा क्रमांक मिळतो, पण ‘आणखी एक ओळ जोडा’ यासाठी जो रिकामा साचा, म्हणजे एम्प्टी_फॉर्म, तयार होतो त्याच्या वेळी क्रमांकाच्या जागी नन येते. यादीतून क्रमांकाने मूल्य काढणारा कोड तिथे कोसळतो आणि तो कोसळतो टेम्पलेट छापताना, म्हणून शोधायला अवघड जातो. नन आल्यास काय द्यायचे ते आधीच ठरवून ठेवा.

फॉर्मसेटचा दुसरा खर्च डेटाबेसचा आहे. प्रत्येक फॉर्म आपल्या ड्रॉपडाउनसाठी क्वेरी स्वतंत्रपणे चालवतो. वीस ओळींचा फॉर्मसेट असेल तर त्याच प्रोजेक्टसाठी वीस क्वेरी होतात, आणि सगळ्यांना तोच क्वेरीसेट दिल्याने हे टळत नाही, कारण फील्ड दर वेळी त्याची नवी प्रत चालवते. ओळी थोड्या असतील तर मी याकडे लक्ष देत नाही. जास्त असतील, तर पर्यायांची यादी व्ह्यूमध्ये एकदाच तयार करून फॉर्म_क्वार्ग्जमधून पाठवतो आणि __इनिट__मध्ये फील्डच्या चॉइसेसमध्ये ती ठेवतो, क्वेरीसेटही मर्यादित ठेवतो. छापण्यासाठी यादी वापरली जाते, तपासण्यासाठी क्वेरीसेट. दोन्ही एकाच फिल्टरमधून आलेले असले म्हणजे झाले.

यूझर लागणारे फॉर्म बरेच झाले, तर हेच __इनिट__ पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी त्याचा मिक्सिन (अनेक फॉर्मना वारशाने घेता येणारा छोटा सामाईक क्लास) करावा असे वाटेल, आणि ते योग्यच आहे. फक्त वारसा सांगताना मिक्सिन आधी आणि मॉडेलफॉर्म नंतर लिहा. पायथन मेथड शोधताना डावीकडून शोधतो. मॉडेलफॉर्म आधी असेल तर त्याचीच __इनिट__ प्रथम चालते, तिला यूझर ओळखीचा नसतो आणि आपण सुरुवातीच्या टाइपएररवर परत येतो. मिक्सिनने फक्त यूझर बाजूला काढून साठवावा आणि फील्ड्सना हात लावू नये, कारण कोणत्या फॉर्ममध्ये कोणती फील्ड्स आहेत हे त्याला माहीत नसते. फॉर्मचे ऑब्जेक्ट तयार झाल्यावर बाहेरून फॉर्म.यूझर = रिक्वेस्ट.यूझर असे लिहिणारेही आहेत. व्हॅलिडेशन इज_व्हॅलिड किंवा एरर्स मागितल्यावरच होते, म्हणून क्लीनपुरते ते चालते. पण ती ओळ राहिली तर सांगणारे कोणी नसते, म्हणून मी ती वाट घेत नाही.

शेवटी ॲडमिन. तिथला गोंधळ वेगळ्या जातीचा आहे, कारण मॉडेलॲडमिनची गेट_फॉर्म ही मेथड ऑब्जेक्ट देत नाही, क्लास देते. ऑब्जेक्ट पुढे ॲडमिन स्वतःच तयार करतो आणि तिथे आपले आर्ग्युमेंट सरकवायला जागा नाही. क्लासऐवजी पार्शल परत देण्याची युक्तीही फसते, कारण ॲडमिन त्या क्लासवरील बेस_फील्ड्स वाचतो आणि पार्शलवर ती नसतात. म्हणून सक्तीचा यूझर मागणारा फॉर्म ॲडमिनला देऊच नका. ॲडमिनसाठी साधा वेगळा फॉर्म ठेवा, किंवा कोणताही न देता जँगोला बनवू द्या. ड्रॉपडाउन मर्यादित करण्यासाठी फॉर्मफील्ड_फॉर_फॉरेनकी ही मेथड आहे. तिला डेटाबेसचे फील्ड आणि रिक्वेस्ट दोन्ही मिळतात. फील्डचे नाव प्रोजेक्ट असेल तर क्वार्ग्जमध्ये क्वेरीसेट भरा आणि पुढचे काम सुपरवर सोपवा. मालक भरण्यासाठी सेव्ह_मॉडेल आहे, तीही रिक्वेस्टसह येते. या दोघींनी न भागणारे, म्हणजे क्लीनमध्ये यूझर लागणारे काही असेलच, तर गेट_फॉर्ममध्ये सुपरकडून आलेल्या क्लासवर यूझर हे ॲट्रिब्यूट ठेवून तो क्लास परत देता येतो. सुपर तो क्लास दर वेळी नव्याने बनवते, त्यामुळे इथे एका रिक्वेस्टचा यूझर दुसरीकडे जात नाही. मात्र तेच ॲट्रिब्यूट सेल्फ.फॉर्मवर, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या मूळ क्लासवर ठेवले, तर तो नक्की जातो.